बहाराची बेगमी

थंड देशांत फळं साखरेत शिजवून ठेवायची ती हिवाळ्यासाठी. उन्हाळ्यात आणि शरदात पिकलेलं सगळं बरणीत भरायचं, म्हणजे जमीन बर्फाखाली गेल्यावर पोराबाळांच्या पावाला लावायला काहीतरी राहील, असा तिथला हिशोब. विदर्भात हा हिशोब उलटा होतो. आमच्याकडे थंडी म्हणजे भरलेले दिवस. दिवाळी झाली की आवळे येतात, मागोमाग पेरू, बोरं, ओल्या तुरीच्या शेंगा, हिरवा हरभरा, आणि या सगळ्यांच्या वरताण संत्री. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. शहराने इतकी थंडी क्वचितच पाहिली असेल. तरी तो महिना फळांचाच होता. आमचा उणा काळ मे महिना. 23 मे 2013 ला याच शहरात 47.9 अंश तापमान होतं. नवतपा लागला की दुपारी रस्ते ओस पडतात, भाजी सकाळी आणली तर संध्याकाळपर्यंत माना टाकते, आणि आंबा सोडला तर रसदार म्हणावं असं फारसं काही परवडणाऱ्या भावात उरत नाही. म्हणून नागपूरच्या घरात फळ राखायचं ते थंडीत, आणि उघडायचं ते उन्हाळ्यात.

पण संत्र्याच्या बाबतीत आम्ही हे फारसं केलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. विदर्भाची साठवण मुळात उन्हावर चालत आली. कुरडया, पापड, शेवया, मुंगवड्या, आंबोशी, बोरकूट. ऊन फुकट, गच्ची किंवा अंगण घरचं, हात घरच्या आणि शेजारच्या बायकांचे. जे वाळतं ते आम्ही वाळवलं. जे वाळत नाही ते मीठ, तेल आणि गुळात घातलं. साखर पुष्कळ काळ महाग होती, नंतर बरीच वर्षं ती रेशनच्या रांगेतून यायची. घरातली साखर आधी चहाला, मग सणाला, आणि उरली तर मोरावळ्याला किंवा साखरआंब्याला. संत्र्याच्या वाट्याला ती कुठून येणार? संत्रं वाळत नाही, त्यात पाणीच जास्त. त्याचं लोणचं लिंबासारखं टिकत नाही. मग आम्ही ते उन्हात बसून सोललं, फोडी खाल्ल्या, साली वाळवून उटण्यात घातल्या आणि विषय संपवला. कोहळ्याच्या आणि खव्याच्या आधाराने मिठाईवाल्यांनी संत्र्याची बर्फी मात्र केली, आणि आज नागपूरच्या स्टेशनवर उतरलेला पाहुणा परत जाताना तीच घेऊन जातो. महाबळेश्वरहून माणूस स्ट्रॉबेरीच्या जॅमची बाटली आणतो. नागपूरहून संत्र्याच्या मार्मलेडची, म्हणजे सालीसकट केलेल्या जॅमची, बाटली घेऊन निघालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

दुसरं कारण फळातच आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय पातेलं चुलीवर ठेवू नये. नागपुरी संत्र्याचा रस ताजा असताना अतिशय गोड, जरासा आंबूस, त्याच्या तोडीचं फळ देशात कमी. तोच रस काढून ठेवा, काही तासांनी तो कडू लागतो. फोडीच्या पापुद्र्यात आणि बियांत एक पदार्थ असतो. फळ अखंड आहे तोवर तो कडू नसतो. पापुद्रा फाटला, रसातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की त्याचं लिमोनिन बनतं, आणि लिमोनिन कमालीचं कडू. आच लागली की हे काम आणखी लवकर होतं. कितीतरी गृहिणींनी संत्र्याचा जॅम एकदा करून पाहिला आणि पुन्हा त्या वाटेला गेल्या नाहीत, त्याचं कारण हे आहे. दोष त्यांच्या हाताचा नव्हता. रसाच्या कारखान्यांनाही या फळाने याच कारणाने त्रास दिला आहे.

मला हे शिकवलं ते काटोलच्या आत्याने. ती कॉलेजात गृहविज्ञान शिकली आणि लग्न होऊन संत्र्याच्या बागेत गेली, त्यामुळे तिच्या बोलण्यात पुस्तक आणि शेत दोन्ही येतं. तिच्याकडे आंबिया बहारही असे आणि मृगही. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेला आंबिया दिवाळीच्या सुमारास तोडणीला येतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. पावसाच्या तोंडावर, मृगात फुललेला बहार फेब्रुवारीपासून पुढे. झाड आपण होऊन फुलत नाही, त्याला आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, झाड थोडं उपाशी ठेवायचं, मग पाणी सोडलं की ते फुलांनी भरून येतं. मृगाचा ताण भर मे महिन्यात पडतो, आणि त्या वेळी झाड जगवणं आणि तरीही ताणणं ही मोठी कसरत असते. आंबियाचं फळ ऑक्टोबरात हिरवट राहतं, कारण सालीला तो केशरी रंग चढायला थंड रात्री लागतात. मृगाचं फळ अख्खी थंडी झाडावर काढतं. त्याची साल रंगाने भरलेली असते आणि गर जास्त गोड.

जॅमला कोणता बहार घ्यायचा, यावर आत्याचं मत ठाम. "मृगाचा संत्रा खायला. शिजवायला आंबिया घे, डिसेंबरातला. आंबट हाय म्हणून लोक नाक मुरडतात, पण पातेल्यात तोच कामाला येतो." तिचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. जॅम बसायला, म्हणजे थिजून चमच्यावर उभा राहायला, तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पेक्टिन, आम्ल आणि साखर. यातलं एकही कमी पडलं तर आपल्या हाती पाकातलं फळ येतं, जॅम येत नाही. नागपुरी संत्र्यात गोडी भरपूर, पण आम्ल बेताचं आणि पेक्टिनही कमी. ते बाहेरून आणावं लागतं.

ते कुठून आणायचं, हे आत्याने मला बागेत नेऊन दाखवलं. विदर्भातलं संत्र्याचं झाड स्वतःच्या मुळांवर उभं नसतं. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतात. खाली खुंट जंबेरीचा, खरबरीत, आंबट, काटक, वर संत्रा. बांधाला एखादं कलम असतं ज्याचा डोळा जळलेला असतो आणि खुंटच वाढून झाड झालेलं असतं. त्याला जाड सालीची, सुरकुतलेली, आंबटढाण फळं लागतात. बागाईतदार ते झाड काढून टाकतो किंवा विसरतो. आत्याने ते जपलं होतं. "संत्र्याला ज्यानं पायावर उभा केला, त्यालेच पातेल्यात घाल," असं ती म्हणाली. जंबेरीच्या सालीखालचा पांढरा थर चांगला जाड असतो आणि त्यात पेक्टिन ठासून भरलेलं असतं. शहरात जंबेरी मिळत नाही. तिथे चार कागदी लिंबं आणि त्यांच्या बिया, किंवा एखादा निमपिका पेरू चालतो. शिवरात्रीच्या आसपास करत असाल तर कवठाचा थोडा गर घातला तरी चालेल. कवठ पेक्टिनच्या बाबतीत फार उदार, फक्त त्याचा वास संत्र्यावर चढू देऊ नये.

प्रमाण सांगते, कारण प्रमाणाशिवाय अशा गोष्टी सांगणं म्हणजे वाचणाऱ्याला अर्ध्या वाटेत सोडणं. सोलून, पापुद्रे आणि बिया काढून एक किलो गर उरायला साधारण दोन किलो संत्री लागतात. साखर पाऊण किलो. चार लिंबांचा रस. तीन-चार संत्र्यांची साल. याहून मोठा घाणा एका वेळी करू नये. पातेलं मोठं झालं की आटायला वेळ लागतो, आणि फार वेळ उकळलेलं पेक्टिन तुटतं; मग कितीही आटवा, तो घट्ट काकवीसारखा होतो पण बसत नाही.

पापुद्रे काढायचं काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. कडूपणाचं घर तेच. आमच्याकडे हे दुपारी अंगणात, कोवळ्या उन्हात, सगळ्यांनी मिळून करायचं काम होतं, आणि त्यात पोरं निम्म्या फोडी खायची म्हणून फळं मुळातच जास्त घेतलेली असायची. सालीचा आतला पांढरा भाग सुरीने खरवडून काढायचा, वरचा केशरी पदर काडीसारखा बारीक चिरायचा, दहा मिनिटं उकळून पाणी फेकायचं, पुन्हा एकदा तसंच. जंबेरीचा किंवा लिंबाचा पांढरा थर आणि बिया मलमलच्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी गराबरोबर शिजायला टाकायची. साल बोटात चिमटली की तुटावी इतकी मऊ झाल्याशिवाय साखर घालायची नाही. साखर पडली की साल मऊ होणं थांबतं, ती आहे तशी चिवट राहते. ही एक गोष्ट माहीत नसल्याने कितीतरी बरण्यांत साल चामड्यासारखी लागते. पुरचुंडी घट्ट पिळून बाहेर काढली की त्यातून बुळबुळीत असं काही पातेल्यात उतरतं. तेच पेक्टिन. त्याचा थेंबही वाया घालवू नये.

साखर विरघळली की आच मोठी. इथून पातेल्यापासून हलायचं नाही. आधी मोठे, फुसफुसते बुडबुडे येतात, मग ते लहान आणि जड होत जातात, आणि आवाज बदलतो. पुस्तकांत लिहिलेलं असतं की 105 अंशांवर जॅम झाला. ते समुद्रकाठच्या स्वयंपाकघराचं गणित. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच आहे, इथे पाणी शंभराच्या अंशभर अलीकडे उकळतं, म्हणून जॅमही 104 च्या जवळ होतो. ज्याच्याकडे थर्मामीटर नाही त्याने फ्रीजमध्ये ताटली गार करून ठेवावी. त्यावर थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचं आणि बोटाने ढकलायचा. थेंबावर सुरकुती पडली तर झालं. आत्या पहिल्या दोन ताटल्यांना मान हलवायची. "अजून पाणीच हाय तो. घाई नको करू, पोरी." तिसऱ्याला सुरकुती पडली की मात्र एक क्षण थांबू द्यायची नाही.

आणि तरीही लगेच भरायचं नसतं. फार गरम जॅम बाटलीत ओतला तर सालीच्या काड्या वर तरंगतात आणि खाली नुसता रस राहतो. आचेवरून उतरवून सात-आठ मिनिटं थांबायचं, तो जरा जड झाला की एकदा हलवून, उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरायचा आणि झाकण लगेच घट्ट करायचं. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आणि त्यांच्या तोंडाचे दादरे इथे उपयोगाचे नाहीत. याला हवाबंद झाकण लागतं. वरच्या मापात सव्वा किलोच्या आसपास जॅम होतो. त्यात पासष्ट टक्क्यांच्या आसपास साखर आणि फळाचा घनभाग असतो. आपल्या अन्न सुरक्षा नियमांतही जॅमसाठी हाच आकडा आहे, आणि फळ किमान 45 टक्के असावं असं त्यांचं बंधन आहे. साखर पाण्याला धरून ठेवते, जंतूंना आणि बुरशीला ते मिळत नाही, म्हणून फळ टिकतं. साखर निम्मी करून "हेल्दी" जॅम करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तो फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. साठवणीचा जॅम हवा असेल तर साखर पुरती घाला आणि खाताना चमचा लहान घ्या.

इतकं करूनही किंचित कडूपणा राहतोच. तो राहावा. स्कॉटलंडमधल्या डंडी गावात कीलर कुटुंबाने 1797 च्या सुमारास मार्मलेडचा धंदा उभा केला, तो स्पेनच्या सेव्हिलच्या कडू संत्र्यांवर. ती संत्री नुसती खाताच येत नाहीत, पण आम्ल आणि पेक्टिन त्यांत इतकं की साखरेबरोबर आपसूक बसतात. तीही जानेवारीत येतात. ब्रिटनमधल्या घरांतून आजही मार्मलेड जानेवारीतच होतं, कारण लिंबूवर्गातलं फळ मुळात थंडीचं. त्यांचा कडूपणा जन्माचा, आपला शिजवताना उगवलेला, आणि आपण तो किती ठेवायचा हे आपल्या हातात आहे. इंग्रजी पुस्तकातली कृती जशीच्या तशी नागपुरी संत्र्याला लावली तर ती फसते, याचं कारणही एवढंच. गोव्यात नाताळाला पेरूची पेराड करतात, तीही थंडीतल्याच फळाची, तिथल्या फळाचा स्वभाव ओळखून केलेली. आपल्या फळाचा स्वभाव ओळखून आपण आपली कृती का पक्की करू नये?

एका संस्थेने ते केलं होतं. नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन हे पूर्ण नाव आता फारसं कोणाला आठवत नाही, पण नोगा म्हटलं की आमच्या वयाच्या नागपूरकरांच्या जिभेवर चव येते. बागाईतदारांच्या संघटनेच्या नावातून आलेला हा ब्रँड पुढे महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला. त्याचं स्क्वॅश, केचप, जॅम घरोघरी असायचं. शाळेच्या डब्यातल्या पोळीच्या गुंडाळीत आत जॅम असायचा तो बहुधा त्याच बाटलीतला. संत्रं पिकवणाऱ्यानेच ते बाटलीत भरावं, ही कल्पना विदर्भाला फार आधी सुचली होती याचा मला अभिमान वाटतो.

कारण बाकी संत्र्याचं दुःख मोठं आहे. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड, चांदूरबाजार, अचलपूर हा सगळा पट्टा या एका फळावर उभा. नागपूरच्या अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी डिंक्या रोग झाडं खातो, फळगळ पीक खाते, वरुड-मोर्शीकडे बोअरचं पाणी दरवर्षी खाली जातं. यातून जे फळ बाजारात पोचतं त्याची आकारावर निवड होते. मोठं दिल्लीला, दक्षिणेला, बांगलादेशाला. बांगलादेशाने 2019 नंतर आयात शुल्क चढतं ठेवलं तेव्हा इथले भाव कोसळले, आणि सगळ्यांत आधी मार बसला तो लहान फळाला. त्याला चुरी म्हणतात. आकाराने लिंबाहून थोडी मोठी, वाऱ्याने घासलेली, सालीवर डाग पडलेली संत्री. बाजारात नेण्याचं भाडं निघत नाही म्हणून ती रस्त्याच्या कडेला ओतलेली मी पाहिली आहेत. ढिगाशेजारून गाडी जाताना उघड्या काचेतून त्यांचा वास आत येतो, आणि त्या वासाने मला दरवेळी पोटात तुटतं. पातेल्याला फळाच्या आकाराशी काही देणंघेणं नाही. चुरीच्या सालीत सुगंधी तेल तेच, गर तोच, आंबटपणा थोडा जास्तच, म्हणजे जॅमला उलट बरा.

नागपूरच्या मिहान प्रकल्पात 2025 पासून संत्र्याच्या रसाचा मोठा कारखाना चालू झाला आहे. तो टनाने फळ घेईल, घ्यावं. पण कारखान्याने घेतलेल्या फळाला घर ओळखत नाही. मला वाटतं, जो प्रदेश आपलं फळ आपल्या स्वयंपाकघरात वर्षभर ठेवायला शिकतो, त्याच प्रदेशात त्या फळाचा भाव पडला की घराघरांत बोचतं. मोरावळा प्रत्येक घरात होता म्हणून आवळ्याला आपण कधी टाकाऊ मानलं नाही.

तेव्हा नागपूरच्या, अमरावतीच्या, वर्ध्याच्या वाचकांना एक विनंती आहे. डिसेंबरात आंबियाचा शेवटचा माल येतो तेव्हा एक क्रेट चुरीचा घ्या, शक्य असेल तर थेट बागेतून किंवा रस्त्यावर छोटी गाडी लावून बसलेल्या शेतकऱ्याकडून. बाहेरगावी जाणाऱ्या फळावर चकाकीसाठी मेणाचा हात फिरवलेला असतो. जॅमला ते नको, साल पोटात जाणार आहे, म्हणून बिनमेणाचं फळ मागून घ्या. भाव पाडून मागू नका. बाटल्या आधीच जमवा, शेजारणींना बोलवा, पापुद्रे काढायला हात पुरत नाहीत. झाकणावर तारीख आणि बहाराचं नाव लिहा, आणि पहिली बाटली मे महिन्यात उघडा.